बिनवासाची धुलाई

१ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी लिहायची. खाणीच्या लॅबोरेटरीत होते तेव्हा रोज रजिस्टर लिहीत असे. ते सुटले आणि शिस्तही सुटली, असे आज चहा पिताना लक्षात आले. चहा तिसरा होता.

विषय एकच. काल साईशचा पुण्याहून फोन. गणपतीला येतो म्हणाला, रजा मिळेल, पण राहायचं कुठं ते बघू. मी विचारले, बघू म्हणजे? डिचोलीत तुझे घर आहे, त्याला दार आहे, दाराला किल्ली आहे. त्यावर तो म्हणाला, तसं नाही गं आई, मे महिन्यात बायच्या अंगावर जे उठलं त्यावरून गौरवी घाबरलीय. ती म्हणते केरीला तिच्या आईकडे उतरू. पूजेपुरता मी येऊन जाईन.

येऊन जाईन. गणपती म्हणजे काय मीटिंग आहे?

मे महिन्यात बाय सात महिन्यांची होती. माझी एकुलती नात. इथे आली आणि दुसऱ्याच दिवशी गालावर, मानेवर लाल चट्टे, डोळ्यांना पाणी, शिंकांवर शिंका. गौरवी कपाट उघडून उभी राहिली आणि म्हणाली, आई, इथल्या कपड्यांना कसला तरी उग्र वास येतो. तिसऱ्या दिवशी गाडी केरीला. तिथे म्हणे चट्टे गेले.

वास म्हणजे फ्रॅगरन्स. फ्रॅगरन्स म्हणजे डिटर्जंट. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. निम्मे आयुष्य लोहखनिजाचे टक्के काढण्यात गेले. मला कारण शोधायला पुण्याचा डॉक्टर लागत नाही.

ठरले: चतुर्थीच्या आत घरातले डिटर्जंट बदलायचे. बिनविषारी, बिनवासाचे, बाळाला चालेल असे. मग केरीचा प्रश्नच उरणार नाही.

३ जुलै, गुरुवार

घरातल्या पावडरचे पाकीट वाचले. चष्मा आणि भिंग, दोन्ही लावून. पुढे लिंबू आणि चमेली, दोन्ही चित्रातली. मागे कपडे कसे भिजवावेत ते सहा भाषांत. आत काय आहे ते एकाही भाषेत नाही. आमच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट कोणी दिला असता तर मी त्याला पुन्हा दारात उभे केले नसते.

बाजारात गोकुळदासच्या दुकानात गेले. सगळी पाकिटे काउंटरवर काढायला लावली आणि एकेक उलटून वाचले. मागे गिऱ्हाइके जमली. गोकुळदास म्हणाला, बाई, साबू कपड्यांना लावायचा की जेवताना वाढायचा? मागच्या बायका हसल्या. मी म्हटले, जे बाळाच्या अंगाला लागते ते वाढल्यासारखेच. तो म्हणाला, मग सांगा, भजी करून देतो. पुन्हा हसल्या. गोकुळदास शिकलेला आहे, पण कॉमर्स.

एकही पाकीट पसंत पडले नाही. अगदीच रिकाम्या हाताने यायला नको म्हणून डांबरगोळ्या आणल्या. पावसाळ्यात कपाटातल्या लवकर विरतात.

६ जुलै, रविवार

साईशचा फोन रविवारी अकराला येतो. आज आला नाही. कामात असेल. रविवारी.

मशीन लावले. एका माणसाच्या कपड्यांनी ड्रम भरत नाही. कमी लोडवर फिरवले की धडधडते आणि मोटर जाते, असे माहितीपुस्तकात छापले आहे. म्हणून ह्यांचे शर्ट सोबत घालते. हे जाऊन चार वर्षे झाली, शर्ट दर रविवारी धुतले जातात. ह्यात भावनेचा संबंध नाही. मोटरचा आहे.

शर्ट वाळत घालताना एक कल्पना सुचली. ह्यांच्या खाकी शर्टाच्या कॉलरला लाल मातीचा पट्टा आहे. हे खाणीच्या वजनकाट्यावर होते. दिवसभर ट्रक मोजायचे आणि संध्याकाळी लाल होऊन यायचे. नुसते दात तेवढे पांढरे. तो पट्टा आजवर कुठल्याही साबणाला हललेला नाही. डिटर्जंट तपासायला ह्याहून कडक परीक्षक मिळणार नाही.

फोन संध्याकाळी आला. बाय धरून उभी राहते. व्हिडिओवर दाखवली. मध्येच नेट गेले आणि ती एक हात वर केलेली तशीच राहिली. मी फोन बंद केला नाही. पुन्हा लागला तर उगाच गोंधळ नको. बराच वेळ हात वरच होता.

१० जुलै, गुरुवार

शेजारच्या क्षमाने मोबाइलवरून एक बाटली मागवून दिली. हिरवी, वर पान. पूर्ण वनस्पतिजन्य, पूर्ण बिनविषारी. वाचत गेले. शेवटच्या ओळीत ‘नैसर्गिक सुगंध’. कसला नैसर्गिक? गोमूत्रही नैसर्गिकच आहे.

कॉलर: नापास. लाल पट्टा जसाच्या तसा. मला आश्चर्य वाटले नाही.

बाटलीवरच्या नंबरवर फोन केला. मुलगी बोलली. फार नम्र. सुगंधात नेमके काय आहे ते विचारले. ते गोपनीय आहे म्हणाली, आणि आणखी काही मदत करू का, असे विचारले. मग बायच्या चट्ट्यांविषयी सांगितले, कंपनीला माहिती असावी म्हणून. गोव्यात पाऊस आहे का, असे तिने विचारले. तेही सविस्तर सांगितले. डिचोलीची नदी, पुराची भीती, कपडे न वाळणे. आणखी काही मदत करू का, असे ती पुन्हा म्हणाली. एकंदरीत समंजस मुलगी. नाव सांगायची परवानगी नाही म्हणे.

१४ जुलै, सोमवार

रिठे. आपल्या आज्या काय करायच्या? रिठे. विषय संपला.

रात्रभर भिजवून सकाळी उकळायला ठेवले आणि केरसुणी घेतली. परत आले तर फेस पातेल्यातून उतरून शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या आधी जमिनीवर. गॅस विझला. डोळ्यांत एक थेंब गेला आणि तासभर मी रडणाऱ्या बाईसारखी दिसत होते. नेमकी तेव्हाच क्षमा नारळ घेऊन आली. काकी, काय झालां, रडतास कित्याक? असे म्हणून जवळ बसली आणि पाठीवरून हात फिरवू लागली. रिठे आहेत असे मी दोनदा सांगितले. ती हो हो म्हणाली आणि हात फिरवतच राहिली.

थांबवले नाही. गैरसमज दूर करायला वेळ जातो.

पांढऱ्या चादरीवर तपकिरी ढग उमटले आहेत. कॉलर: नापास.

२० जुलै, रविवार

घरगुती मिश्रण. खोबरेल तेलाचा साधा साबण किसून, धुण्याचा सोडा घालून, गरम पाण्यात ढवळणे. मोबाइलवर एक बाई हसत हसत करते. तिचे झाले. माझे बाटलीत भरल्यावर घट्ट झाले. आता बाटली उलटी केली तरी काही पडत नाही. ठोकून पाहिले. दाराला अडसर म्हणून उपयोगी पडेल.

साईशचा फोन वेळेवर. त्याला प्रयोगांची माहिती दिली. तो म्हणाला, आई, एवढा त्रास कशाला घेतेस, आम्ही आमच्या चादरी घेऊन येऊ. मी म्हटले, स्वतःच्या घरी चादरी घेऊन येतात ते पाहुणे. गौरवी मागून काहीतरी बोलली. साईश म्हणाला, ती म्हणतेय, आई, डिटर्जंटचंच असेल असं नाही. मी सांगितले, तिला म्हणावे, केमिस्ट्री कोणाची आहे?

फोन तिथेच कट झाला. नेट गेले असावे.

२४ जुलै, गुरुवार

क्षमाने टोपलीभर बिंबले आणून दिली, ती आंबट हिरवी फळे. झाडाला फार लागलीत म्हणाली. वाळत घातलेला खाकी शर्ट पाहून म्हणाली, काकी, लोखंडाचा डाग ना तो? बिंबलं चोळा, जातंय.

मला ठाऊक होते. बिंबलात ऑक्झॅलिक ऍसिड असते, लोखंडाच्या गंजाला ते विरघळवते. दुसऱ्या वर्षाचा अभ्यास. आजवर केले नव्हते इतकेच. कामे असतात.

रस काढला. कॉलरवर चोळला. थोडा वेळ ठेवला, चोळला, धुतला.

गेला.

पूर्ण गेला. कॉलर नवी दिसते. कुठल्याही दुकानातल्या, कुठल्याही माणसाच्या शर्टासारखी. पद्धत बिनविषारी, निकाल शंभर टक्के.

दुपारी जेवले नाही. बिंबलांच्या वासाने पित्त झाले असावे.

२७ जुलै, रविवार

बिंबलांची पद्धत रद्द. रंगीत कपड्यांना चालणार नाही.

हिरव्या बाटलीच्या नंबरवर पुन्हा फोन केला. ती मुलगी नव्हती. एक मुलगा होता. पाऊस वगैरे काही विचारले नाही.

३ ऑगस्ट, रविवार

सापडले!

गोकुळदासने मडगावहून मागवून दिले. साधी पांढरी बाटली, चित्र नाही, मुलगी नाही, फूल नाही. सुगंध नाही, रंग नाही, कपडे खोटे पांढरे दाखवणारे चकाकीचे द्रव्य नाही. आतले सगळे घटक नावानिशी छापलेले. वाचताना मला लॅबोरेटरीत बसल्यासारखे वाटले. गोकुळदास म्हणाला, बाई, आता तरी दुकान बंद करू दे. बाजूला बसलेल्या त्याच्या मित्राने विचारले, मास्तरीण काय? गोकुळदास म्हणाला, नाय रे, साबणाची इन्स्पेक्टर.

घरी येऊन मनगटावर थेंब लावला. काही नाही. कोपरावर लावला. काही नाही. मानेवर मात्र दुपारपासून खाज सुटली आहे, पण तिथे लावलेलेच नव्हते. आज कपाटातले राखी पातळ काढून नेसले, त्याच्या काठाची असेल.

नव्या लिक्विडने धुलाई: उत्तम. कपड्याला वासच नाही. हीच तर मागणी होती.

९ ऑगस्ट, शनिवार

एक अडचण. तीन दिवस संततधार. कपडे दोरीवर, खुर्च्यांवर, देवघराच्या कठड्यावर. वाळत नाहीत. जुन्या पावडरला चमेली होती, तिच्याखाली कुबटपणा झाकला जायचा. आता सुगंध नाही, त्यामुळे प्रत्येक कपडा ओल्या पोत्यासारखा येतो. बायला असे कपडे घालणे शक्य नाही.

विचार केला. उपाय सरळ आहे. डांबरगोळ्या वाढवायच्या. शुद्ध नॅफ्थलीन, दहा कार्बन, आठ हायड्रोजन. एकच पदार्थ. भेसळ नाही, गोपनीय काही नाही, पानाचे चित्र नाही. असा प्रामाणिक पदार्थ बाजारात दुसरा नाही. आमच्या आईच्या ट्रंकेतही ह्याच होत्या आणि आम्ही सगळी भावंडे वाढलोच.

प्रत्येक कप्प्यात मूठभर टाकल्या. कुबट वास गेला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन टीव्हीवर. मग बायसाठी दुपटे शिवायला घेतले. आमच्याकडे तान्ह्या मुलाला नवा कपडा लावत नाहीत. आजीचे वापरून मऊ झालेले पातळच लागते. माझी दोन सुती पातळे उसवली. मे महिन्यातच करायचे होते, पण तेव्हा तीन दिवसच राहिली.

क्षमा टाके घालायला बसली. हसत म्हणाली, काकी, दुपटां करतास की तंबू? दोघी पोरी मावतील ह्यात. मोठेच बरे. मूल वाढते. पुढच्या वर्षी लागेल, त्याच्या पुढच्याही.

संपल्यावर नव्या लिक्विडने धुतले. दोनदा. पंख्याखाली वाळवले. चार घड्या करून मधल्या कप्प्यात ठेवले, घड्यांमध्ये गोळ्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साईशचा फोन, मंगळवारी! इथेच उतरतात. सरळ डिचोलीला. गौरवीच बोलली. म्हणाली, आई, तुम्ही एवढं सगळं केलंत, साईशने सांगितलं. आम्ही येतो. बायला तुमच्याकडेच ठेवू, रजेचे पाचही दिवस.

मी म्हटले, ठीक आहे.

फोन ठेवल्यावर लक्षात आले, आणखी काहीतरी म्हणायला हवे होते. काय ते ठरवून पुढच्या वेळी म्हणेन.

संकल्प: गौरवीला एकही सूचना करायची नाही. दूध कसे द्यावे, टोपडे का घालावे, पंखा किती वर ठेवावा, ह्याविषयी मौन. आवश्यक सूचना कागदावर लिहून फ्रिजला लावायच्या, म्हणजे बोलावे लागणार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

कागद तीन झाले. फ्रिजचे दार जड लागते.

बाजारात माटोळीचे सामान भरले आहे. कांगला, नागुल कुडे अशी रानफळे, आंबाडे, सुपाऱ्यांचे घड, कोनाकोपऱ्यातून आलेली माणसे. मी गणपतीवर टांगायला थोडेसेच आणते, ह्या वेळी दोन पिशव्या आणल्या. बायला वर लोंबणारी फळे दिसली पाहिजेत. गोकुळदासने हाक मारली, बाई, नात येते ना? मग साबू नको आज? मी थांबून हसले. त्याला धक्का बसला असावा, कारण त्याने शिल्लक रिठे फुकट दिले.

सगळ्या चादरी, अभ्रे, पडदे नव्या लिक्विडने धुऊन झाले. कपाटाचे दार बंद होत नव्हते, खांद्याने लावले.

मशीन पहिल्यांदाच पूर्ण भरून फिरले. ह्यांचे शर्ट घालायला जागाच नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळ

आले. दुपारी.

बाय गोरी नाही, साईशसारखी सावळी, आणि कपाळ ह्यांचे. रांगते फार वेगाने. माझ्याकडे आली आणि माझ्या पदराचा काठ तोंडात घातला. मी काही म्हटले नाही. गौरवीने काढून घेतला. तेव्हाही मी काही म्हटले नाही. संकल्प पाळला.

गौरवीने फ्रिजवरचे कागद वाचले. तिन्ही. मग फ्रिज उघडून पाणी घेतले.

दुपटे काढून पलंगावर अंथरले, वर बायला निजवले. निजली. मी बाजूला बसले होते. चेहरा पाहत. चट्टे येतात का हे पाहणे आवश्यक होते.

थोड्या वेळाने शिंकली. मग पुन्हा. मग सारखी. गाल लाल झाले. उठली ती डोळे चोळत. मी म्हटले, प्रवासाची धूळ. गौरवीने दुपटे उचलून नाकाशी धरले आणि लगेच लांब केले. साईशला म्हणाली, ह्याचा वास बघ. मी म्हटले, अशक्य. ते नव्या लिक्विडने दोनदा धुतले आहे, बाटली दाखवते. बाटली आणायला मी आत गेले.

बाटली घेऊन परत आले तेव्हा गौरवीने कपाट उघडले होते. खांद्याने लावलेले दार, त्यामुळे सगळे एकदम बाहेर आले. चादरी, अभ्रे, आणि गोळ्या. पांढऱ्या गोळ्या जमिनीवर गारांसारख्या उड्या मारत सगळीकडे. बाय हसली. पलंगावरून तिला साईशने खाली सोडले होते. ती रांगत गेली आणि एक गोळी उचलली.

तोंडापर्यंत नेली.

गौरवीने हात धरला. मूठ उघडायला वेळ लागला. मुठी फार घट्ट असतात ह्या वयात. गोळी आत गेली नाही. काही झालेले नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते: काही झालेले नाही.

मी बाटली हातात घेऊन उभी होते. साईश म्हणाला, आई, ह्या पोटात गेल्या तर मुलं मरतात गं. तू तर केमिस्ट्रीवाली. गौरवी त्याला म्हणाली, राहू दे. मग मला म्हणाली, मी मे महिन्यात सांगितलं होतं ना आई, कपाटातल्या कपड्यांना वास येतो.

तिने वास म्हटले होते. कपाट म्हटल्याचे मला आठवत नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर देता आले असते.

डॉक्टरांना दाखवून तसेच केरीला गेले. जाताना साईशने जमिनीवरच्या गोळ्या वाकून वेचल्या, पलंगाखालच्यासुद्धा. बाय त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती. एक हात वर होता. टाटा करायला शिकली आहे, असे गौरवीने मागे फोनवर सांगितले होते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, काळजीचे नाही. साईशने कळवले.

लिक्विडचा दोष नव्हता हे सिद्ध झाले. निवड बरोबर होती.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

साईश सकाळी केरीहून एकटा आला. पूजेला बसला. माटोळी छान दिसत होती. त्याने वर पाहिले आणि म्हणाला, एवढी कोणासाठी बांधलीस? मग आरतीची पाने शोधू लागला.

क्षमाच्या घरचे सगळे घुमट वाजवत आरतीला आले. करंज्या, म्हणजे आमच्या नेवऱ्या, भरपूर केल्या होत्या, त्या त्यांना वाटल्या. क्षमा हळूच म्हणाली, काकी, बाय खंय? मी म्हटले, केरीला, समुद्राच्या हवेसाठी.

साईशच्या हातून अर्ध्या नेवऱ्या केरीला पाठवल्या. डबा पुसून, पंख्याखाली ठेवून, बिनवासाचा करून. विहीण शांताबाईंचा फोन आला. भले मन आहे बाईचे, आवाज मोठा. म्हणाल्या, अगो विहिणी, पोराक काय एक झालेला नाय, मस्त खेळतासा, तू कशाक जिवाक लावन घेतलंस? ये ना इकडे. मी म्हटले, गणपती सोडून कशी येऊ? त्या म्हणाल्या, मग विसर्जन झाल्यार ये.

विचार केला. आमंत्रण खरे असते तर गौरवीने दिले असते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवस झाला. विसर्जन. साईश मूर्ती घेऊन पुढे, मी मागे. परतल्यावर पाटावरची वाळू देवघरात ठेवली आणि तो म्हणाला, निघतो आता, तिकडे जेवायला थांबलेत.

मी म्हटले, सांभाळून चालव. साखळीच्या रस्त्याला खड्डे आहेत. केरीला जाताना साखळी लागत नाही. त्याने हो म्हटले.

माटोळी उतरवायला उंच माणूस लागतो. क्षमाच्या नवऱ्याला उद्या सांगेन.

३१ ऑगस्ट, रविवार

ऊन. चक्क.

फोन अकराला. पुण्याला पोचले. बाय एकदम बरी. केरीला एकही चट्टा उठला नाही. शांताबाई पर्यटकांना खोल्या देतात. त्या खोल्यांच्याच चादरींवर तिला निजवायच्या. त्या चादरी ज्या गुलाबी पावडरने धुतात तिचा वास रस्त्यावर जाणाऱ्या स्कूटरवाल्यालाही येतो, असे साईश हसत सांगत होता. मी विचारले, आणि तरी काही झाले नाही? नाही म्हणाला.

समुद्राची हवा.

कपाट रिकामे करून उघडे ठेवले आहे. सगळ्या गोळ्या काढल्या. लाकडात मुरलेला वास जायला काही महिने लागतात म्हणे. मे महिन्यात सुट्टी असते, म्हणजे वेळेत जातो. साईशला सांगितले. तो म्हणाला, बघू.

गौरवीला काय म्हणायचे ते ठरवले होते. ती बायला आंघोळ घालत होती. पुढच्या रविवारी.

आता मशीन लावायचे आहे. लोड कमी आहे. ह्यांचे शर्ट काढले. खाकी काढून पाहिला आणि परत ठेवला. तो स्वच्छच आहे, मोटरवर उगाच भार.

केर काढताना पलंगाखाली बायचे लाळेरे सापडले. गळ्याशी दूध वाळलेले, पुढे नाचणीच्या सत्त्वाचे डाग, एक कोपरा चावून चावून मऊ. टेस्टसाठी उत्तम नमुना. माझ्या लिक्विडमध्ये दहा मिनिटांत निघेल, बिनवासाचे होईल.

आजच्या लोडमध्ये राखी पातळ आहे. रंग लागायचा. आज नको.

पुढच्या रविवारी पाऊस असेल.

कपाटात ठेवून चालणार नाही, दुसरा वास लागेल. सध्या उशीखाली ठेवले आहे.